थंडी, दंव आणि गोठण: वनस्पतींच्या पेशी कशा तगतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा बातम्यांत झळकू लागला आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठच्या गवतावर दव गोठले, की द्राक्ष बागायतदारापासून वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यापर्यंत सगळे तेच विचारतात: हे झाड वाचेल का, आणि कशाच्या जोरावर? खालची उत्तरे पेशीपासून सुरू होऊन बागेपर्यंत येतात. पिकाचा प्रश्न घेऊन आला असाल तरी पहिली तीन उत्तरे आधी वाचा. कोणता उपाय कुठे लागू पडतो, हे त्यांवरच ठरते.

गारठ्याने होणारी इजा आणि गोठण्याने होणारी इजा एकच का?

नाही. थंडीतले बहुतेक चुकीचे उपाय हा फरक न केल्यामुळेच होतात.

शीतबाधा शून्याच्या वर होते, बर्फाचा कणही नसताना. केळी, टोमॅटो, काकडी, तुळस अशा उष्ण प्रदेशातल्या वनस्पतींना साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसच्या खाली ती सुरू होते. याचे एक मोठे कारण पेशीपटल. ते स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी थराचे असते. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजते, शेंगदाण्याचे तेल मात्र वाहते राहते, हे घरोघरी दिसते. खोबरेलात संपृक्त मेदाम्ले जास्त, शेंगदाणा तेलात असंपृक्त जास्त. पेशीपटलाचेही तसेच आहे. उष्ण प्रदेशातल्या पिकांची पटले गारठ्यात ताठर होतात, त्यांतल्या प्रथिनांची कामे मंदावतात, क्षार बाहेर झिरपू लागतात आणि हरितलवकांचे काम बिघडते.

गोठणबाधा म्हणजे ऊतीत खरोखर बर्फ होणे. गहू, राय, सफरचंद, कोबी अशा थंड हवेच्या वनस्पतींपुढे हा प्रश्न असतो. महाराष्ट्रात थंडीने होणारे बहुतेक नुकसान पहिल्या प्रकारचे आहे. दंवाच्या रात्री होणारे दुसऱ्या प्रकारचे.

पाणी गोठून फुगते आणि त्यामुळे पेशी फुटते, असे शाळेत शिकलो. ते खरे ना?

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते हे खरे. पेशी त्यामुळे फुटते हे मात्र सहसा खरे नाही.

निसर्गात तापमान सावकाश उतरते. तेव्हा पहिला बर्फ पेशीच्या आत होत नाही, तो पेशींच्या मधल्या पोकळ्यांत आणि पेशीभित्तीतल्या पाण्यात होतो. तिथले पाणी पातळ असते, त्यात साखर आणि क्षार कमी असतात, म्हणून ते आधी गोठते. पेशीच्या आतला रस घट्ट असतो आणि पेशीपटल बर्फाला सहजासहजी आत शिरू देत नाही. त्यामुळे बर्फ बाहेर आणि पाणी आत, अशी स्थिती तयार होते.

बर्फाची पाणी ओढण्याची ताकद मोठी असते. शून्याखाली दर अंशामागे ती सुमारे १२ बारने वाढते. उणे ५ अंशांवर ती ६० बार होते. गाडीच्या टायरमधला दाब साधारण दोन ते अडीच बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. पेशीतले पाणी पटलातून बाहेर झिरपते आणि बाहेरच्या बर्फात मिळते. उणे १० अंशांपर्यंत अनेक पेशींतले ९० टक्क्यांहून जास्त मोकळे पाणी बाहेर गेलेले असते. पेशी सुकामेव्यासारखी आक्रसते.

म्हणजे गोठण हा मुळात दुष्काळ आहे. जमिनीतली ओल साधारण १५ बारच्या ओढीने धरलेली असली, की बहुतेक पिके कायमची कोमेजतात. बर्फ तेवढी ओढ उणे सव्वा अंशालाच लावतो. थंडी आणि दुष्काळ या दोन्हींत वनस्पती बरीच समान जनुके वापरतात, त्याचे कारण हेच.

पेशीच्या आत बर्फ झाला तर मात्र ती जवळजवळ नक्की मरते. तापमान झपाट्याने उतरले, पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही, की असे होते. प्रयोगशाळेतल्या चुकीच्या चाचणीत हे वारंवार घडते, त्याबद्दल पुढे.

मग पेशी नेमकी कधी आणि कशाने मरते?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पीटर स्टेपॉन्कस आणि सहकाऱ्यांनी राय या धान्याच्या पेशींवर केलेल्या कामातून याचे फार स्वच्छ चित्र मिळाले. भित्ती काढून टाकलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गोठवून त्यांनी पाहिल्या. थंडीला न सरावलेली पेशी आक्रसते तेव्हा तिच्या पटलाचे तुकडे बारीक पुटकुळ्या होऊन आत गळून पडतात. पटलाचे क्षेत्रफळ कायमचे कमी होते. सकाळी बर्फ वितळतो, पाणी परत आत येते, पेशी पुन्हा फुगू पाहते, पण पुरेसे पटल शिल्लक नसते. ती तेव्हा फुटते. मार गोठताना बसला, मरण वितळताना आले.

सरावलेल्या पेशीतही पटल आक्रसते, पण जादा पटल बाहेरच्या बाजूला बारीक फुगोट्यांच्या रूपात पेशीलाच चिकटून राहते. पाणी परतले की ते पुन्हा कामी येते.

याहून खाली, उणे ५ अंशांच्या पलीकडे दुसरा धोका असतो. पाणी इतके कमी होते की पेशीपटल आणि आतली पटले, विशेषतः हरितलवकाचे आवरण, एकमेकांना जवळजवळ टेकतात आणि वितळतात तशी एकमेकांत मिसळतात. अराबिडोप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपट्यात एसएफआर-२ नावाचे विकर हरितलवकाच्या आवरणातल्या स्निग्ध रेणूंची रचना बदलून हे मिसळणे टाळते. ते विकर नसलेली रोपे सरावानंतरही गोठणात तग धरत नाहीत.

दंवाच्या सकाळी पान वितळल्यावर गडद, पाणी प्यायल्यासारखे, उकडलेल्या पालकासारखे दिसत असेल, तर पटले फुटून पेशीरस मधल्या पोकळ्यांत आला आहे असे समजा. ते पान गेले.

पाणी शून्याला गोठते, तर पाने उणे २ अंशांवरही कधीकधी सुखरूप कशी राहतात?

शून्य हा बर्फाचा वितळणबिंदू आहे. बर्फ सुरू व्हायला मात्र बीज लागते. अगदी शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रवच राहू शकतात. याला अतिशीतन म्हणतात.

पानावर हे बीज कोण पुरवते? धूळ, बर्फाचे कण आणि काही जिवाणू. त्यांतला स्यूडोमोनास सिरिंजी सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या बाह्य आवरणातले एक प्रथिन पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या साच्यात मांडते, त्यामुळे उणे २ अंशांच्या आसपासच गोठण सुरू होते. १९७०च्या दशकात स्टीव्हन लिंडो यांनी या जिवाणूवर काम केले. पुढे ते प्रथिन न बनवणारा बदललेला जिवाणू तयार झाला आणि एप्रिल १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीवर फवारला गेला. जनुकीय बदल केलेला जीव अधिकृत परवानगीने उघड्या शेतात सोडण्याची ती पहिली वेळ.

यातून व्यवहारात घेण्यासारखी गोष्ट अशी की ओल्या पानावर बर्फ लवकर धरतो. पाठीच्या पंपाने संध्याकाळी उशिरा फवारणी करून पाने ओली ठेवणे दंवाच्या रात्री घातक ठरू शकते. एकदा खोडात किंवा देठात बर्फ सुरू झाला, की तो जलवाहिन्यांमधून झपाट्याने पसरतो.

वनस्पती थंडीला 'सरावते' म्हणजे आत नेमके काय होते?

हा सगळ्यांत रंजक भाग आहे. हिवाळी राय उन्हाळ्यातल्या स्थितीत उणे ५ अंशांच्या आसपास मरते. काही आठवडे शून्याच्या जरा वरच्या थंडीत राहिली, की उणे ३० पर्यंत तगते. तीच जनुके, तेच रोप. फरक तयारीचा.

अराबिडोप्सिसमध्ये हा क्रम घड्याळ लावून मोजता येतो. रोप ४ अंशांत ठेवल्यावर पंधरा मिनिटांत सीबीएफ नावाच्या नियामक जनुकांचा संदेश वाढू लागतो. आयसीई-१ हे प्रथिन त्यांना चालू करणाऱ्यांपैकी एक. सीबीएफ प्रथिने पुढे सीओआर गटातल्या, म्हणजे थंडीत जाग्या होणाऱ्या, शंभराहून जास्त जनुकांना कामाला लावतात. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या मायकेल थोमाशो यांच्या गटाने ही साखळी बरीचशी उलगडली. संदेश मिनिटांत पोचतो, तयारी पुरी व्हायला दिवस लागतात. न सरावलेले अराबिडोप्सिस उणे ४-५ अंशांवर मरते, आठवडाभर ४ अंशांत ठेवलेले उणे ८ ते १० पर्यंत जाते.

या दिवसांत पेशी पटलातल्या असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवते. सुक्रोज, रॅफिनोज या साखरा आणि प्रोलिन हे अमिनो आम्ल साठवते. साखरेमुळे रसाचा गोठणबिंदू थोडा उतरतो, पण तिचे मोठे काम वेगळे: पाणी गेल्यावर प्रथिने आणि पटले यांच्याशी जोडून राहून ती त्यांचा आकार टिकवते. डिहायड्रिन ही प्रथिनेही तेच करतात. रायसारखी गवते पेशींच्या बाहेर गोठणरोधी प्रथिने सोडतात. ती बर्फ होणे थांबवत नाहीत. छोटे स्फटिक एकत्र येऊन मोठे, धारदार होऊ नयेत, एवढे पाहतात. गंमत म्हणजे ही प्रथिने बुरशीशी लढणाऱ्या कायटिनेज, ग्लुकानेज यांच्याच घराण्यातली आहेत.

हा सराव किती टिकतो?

मिळवायला आठवडा, गमवायला एक-दोन उबदार दिवस. वसंतातल्या अवेळी उकाड्यानंतर आलेले दंव म्हणूनच भर हिवाळ्यातल्या कडाक्यापेक्षा जास्त नुकसान करते. सफरचंदाचे उदाहरण बोलके आहे. डोळे नुकते चंदेरी होऊ लागले असताना १० टक्के डोळे मरायला उणे ९.४ अंश लागतात. पूर्ण फुलोऱ्यात तेवढेच नुकसान उणे २.२ ला होते आणि उणे ३.९ ला ९० टक्के फुले जातात. झाड तेच, काही आठवड्यांचा फरक.

सरावाला साखर लागते, साखरेला ऊन लागते. अंधारात ठेवलेले रोप थंड हवेतही नीट काटक होत नाही. उशिरा दिलेला नत्र रोपाला कोवळी, पाणीदार वाढ करायला लावतो आणि ही वाढ सर्वांत आधी जाते.

प्रत्येक वनस्पतीला असा सराव जमतो का?

नाही. आपला नेहमीचा बटाटा सरावतच नाही, त्याचा पाला उणे ३ अंशांच्या आसपास जातो. सोलॅनम कॉमरसोनी हा त्याचा रानटी भाऊबंद मात्र सरावानंतर उणे १० च्या घरात तगतो. केळी, तुळस यांना शून्याखाली उतरण्याची सोयच नाही.

०:०:५० किंवा साखरपाणी फवारले तर गोठणबिंदू खाली जातो म्हणतात. फायदा होतो का?

हिशेब करून पाहू. ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. १ टक्का द्रावणात लिटरला १० ग्रॅम, म्हणजे सुमारे ०.०५७ मोल. त्याचे तीन आयन होतात, म्हणून ०.१७. त्याला १.८६ या पाण्याच्या स्थिरांकाने गुणले की गोठणबिंदूतली घट मिळते: जेमतेम ०.३ अंश. तीही पानावरच्या थेंबात, पेशीत नव्हे. पालाश कमी असलेल्या पिकाला आधीपासून योग्य पालाश मिळणे चांगलेच, कारण पेशीतल्या पाण्याचा आणि क्षारांचा समतोल त्यावर बराच अवलंबून असतो. थंडीच्या आदल्या संध्याकाळची फवारणी मात्र दंवापासून वाचवेल अशी अपेक्षा ठेवू नका.

सायबेरियात झाडे उणे ५० अंशांत कशी जगतात?

दोन वाटा आहेत. सफरचंद, ओक यांच्या लाकडातल्या जिवंत पेशी आपले पाणी बाहेर सोडत नाहीत, त्या उणे ४० च्या आसपासपर्यंत अतिशीत द्रव राहतात. त्याखाली आत एकदम बर्फ होतो आणि लाकूड काळवंडते. या झाडांची उत्तरेकडची सीमा त्यामुळेच ठरते. बर्च, विलो, लार्च दुसरी वाट घेतात: जवळपास सगळे मोकळे पाणी बाहेर काढून टाकतात आणि पेशीत उरलेला दाट रस काचेसारखा घट्ट होतो. १९६० मध्ये जपानचे अकिरा साकाई यांनी दाखवले की हिवाळ्यात काटक झालेल्या डहाळ्या आधी सावकाश उणे ३० पर्यंत गोठवल्या, तर नंतर उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवूनही जगतात. गोठायला पाणीच उरलेले नसते.

थर्मामीटर ४ अंश दाखवत होता, तरी गवतावर बर्फ कसा?

वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, पेटीच्या सावलीत असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पाने आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात आणि भोवतीच्या हवेपेक्षा थंड होतात. जमिनीलगतचे तापमान ३ ते ५ अंशांनी कमी असू शकते. थंड हवा जड, ती उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागी साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठते त्यामागे हेच.

शेतात तापमापक पिकाच्या उंचीवर, उघड्यावर, शेताच्या सर्वांत खोलगट भागात लावा. पहाटे चार ते सूर्योदय हा वेळ सर्वांत नाजूक.

द्राक्षबागेत कडाका आला की काय बिघडते?

निफाड-दिंडोरी पट्ट्यात पारा ५ अंशांच्या खाली गेला तरी बहुतेक वेळा ती गोठण नसते. १० अंशांखाली वेलीची वाढ जवळपास थांबते, मुळे मंदावतात, अन्नद्रव्ये उचलली जात नाहीत, मण्यांची फुगवण अडते. मण्यात पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ पडू लागण्याच्या, सुमारास दोन त्रास विशेष दिसतात.

पहिला, मणी तडकणे. रात्री पानांतून बाष्प जवळजवळ निघत नाही, मुळांकडून येणारे पाणी मण्यात साचते, मण्यांवर दव बसते आणि साल ताणाने फाटते. अशा दिवसांत एकदम भरपूर पाणी देणे टाळा. थोडे थोडे, रोज सारखे द्या. आधी ताण आणि मग सढळ पाणी हा क्रम सर्वांत वाईट.

दुसरा, पिंक बेरी. थॉमसनसारख्या हिरव्या वाणांत दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडली की सालीत गुलाबी रंगद्रव्य तयार होते आणि निर्यातीचा माल बाद होतो. पाणी उतरण्यापूर्वीच घडांना कागद गुंडाळणे हा बागायतदारांचा उपाय रास्त आहे. रंग दिसू लागल्यावर कागद लावून उपयोग नाही.

पहाटे ठिबक चालवण्याचा फायदा होतो, कारण विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते.

शेकोटीचा धूर उपयोगी की आग?

आग. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीची उष्णता ते फारशी अडवत नाहीत. उलट सूर्योदयानंतर रेंगाळलेला धूर बाग तापायला उशीर लावतो. एका मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते. बांधाबांधाने पसरलेल्या पुष्कळ लहान शेकोट्या चांगल्या. वारा असेल तर मात्र कष्ट वाया जातात.

केळीवरचा चरका म्हणजे काय?

जळगाव पट्ट्यात थंडीच्या इजेला शेतकरी चरका म्हणतात. ही शीतबाधा आहे. पाने पिवळी पडतात, कडा करपतात, नवे पान सुटायला वेळ लागतो. सर्वांत मोठे नुकसान निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या, वेळी. पोग्यातल्या (मधल्या सुरळीतल्या) पानांचे देठ जवळजवळ येतात, घडाला बाहेर पडायला वाट उरत नाही, तो अडकतो किंवा खोड फोडून बाजूने निघतो. निसवलेल्या घडाची फळे पोसत नाहीत. १३ अंशांखाली राहिलेल्या फळांच्या सालीखाली तपकिरी रेषा येतात आणि पिकल्यावर ती मळकट दिसतात. साल थोडी सोलून पाहिली की कच्च्या फळातही या रेषा दिसतात.

निसवण कडाक्यात येऊ नये असे लागवडीचे नियोजन हा खरा उपाय. बाकी: बागेभोवती शेवरीसारखे सजीव वारारोधक लागवडीच्या वेळीच लावा, पाणी रात्री किंवा पहाटे द्या, झाडाच्या बुंध्याशी निंबोळी पेंड आणि पाचटाचे आच्छादन करा, निसवलेल्या घडांना सच्छिद्र पांढऱ्या पॉलिथिन पिशव्या घाला. छिद्रे नसलेली पिशवी आत घाम धरते आणि फळे सडतात. हिरवी पाने कापू नका, घडाला तेच पांघरूण आहे.

तुषार सिंचनाने स्ट्रॉबेरी वाचते म्हणतात, पण पाणी घालून बर्फ होणार नाही का?

बर्फ होतो, आणि त्यानेच फूल वाचते. एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता सोडते. सतत नवे पाणी येऊन गोठत राहिले, तर बर्फाखालचे फूल शून्याच्या जवळ टिकते. उमललेले फूल साधारण उणे १ अंशाला दगावते, म्हणून तेवढे पुरते.

धोका बाष्पीभवनाचा. एक किलो पाणी उडून जाताना सुमारे २,५०० किलोज्यूल ओढून नेते, म्हणजे गोठताना मिळते त्याच्या साडेसात पट. पाणी मध्येच थांबले, वारा सुटला किंवा हवा कोरडी असली, की पीक विनापाण्याच्या पिकापेक्षा थंड होते. अर्धी रात्र पुरेल एवढेच पाणी असेल, वीज बेभरवशाची असेल, तर तुषार सुरूच करू नका. सुरू करायचे तर ओल्या फडक्याचा तापमापक (फुग्याला ओले फडके गुंडाळलेला) शून्याच्या वर असतानाच करा, तासाला किमान अडीच-तीन मिलिमीटर पाणी पडू द्या, आणि बर्फ आपोआप सुटून पडेपर्यंत बंद करू नका.

फुलाचा मधला पिवळा गोळा दुसऱ्या दिवशी काळा दिसला तर ते फूल गेले. अर्धवट इजा झालेले फूल वाकडे फळ देते: स्ट्रॉबेरीवरच्या प्रत्येक बारीक दाण्यातून निघणारे संप्रेरक त्याच्या भोवतालचा गर फुगवते, आणि जिथले दाणे मेले तिथला गर फुगत नाही.

कपाशीवरचा लाल्या, म्हणजे पाने लाल पडणे, थंडीमुळे येतो का?

थंडीचा त्यात वाटा असतो. रात्री गार झाल्या की पानात साखर अडकते, लाल रंगद्रव्य वाढते आणि बोंडे भरताना नत्र-मॅग्नेशियम कमी पडले असेल तर लाली झपाट्याने पसरते. युरिया किंवा डीएपी २ टक्के आणि मॅग्नेशियम सल्फेट १ टक्का वेळेत फवारा. डीएपी आणि मॅग्नेशियम सल्फेट एका टाकीत मिसळू नका, साका बसून नोझल चोंदते.

फ्रिजमधला बटाटा गोड आणि फ्रीझरमधली कोथिंबीर लिबलिबीत का होते?

बटाटा जिवंत असतो. ४ अंशांत तो पिष्टाची साखर करतो, आणि ती तळताना काळपट होते. अशा बटाट्याचे वेफर्स करायचे तर तो दोन-तीन आठवडे १५ ते २० अंशांत ठेवा, बरीच साखर पुन्हा पिष्टात जाते. कोथिंबीर मात्र उणे १८ ला मरते. घरचा फ्रीझर सावकाश गोठवतो, स्फटिक मोठे होतात, पटले फाटतात, आणि वितळल्यावर पेशींत फुगारा धरायला काही उरत नाही. वास टिकतो, म्हणून ती वाटणाला चालते, वरून भुरभुरायला नाही.

परदेशात तुळस आणि कढीपत्ता हिवाळ्यात कसे जगवायचे?

रात्रीचे तापमान १२ अंशांखाली जाऊ लागले की तुळस आत घ्या, पहिल्या दंवाची वाट पाहू नका. आणण्यापूर्वी पानांची खालची बाजू धुऊन घ्या, कोळी आणि पांढरी माशी घरात फोफावतात. दक्षिणेकडची खिडकी किंवा १२ ते १४ तास दिवा द्या. पाने काचेला टेकली तर तेवढीच काळी पडतात. नळाचे बर्फगार पाणी थेट घालू नका. कढीपत्ता पाने गाळेल, तो मेला असे समजून टाकू नका. खत बंद ठेवा, कुंडीची वरची माती वाळल्यावरच पाणी द्या. हिवाळ्यात कढीपत्ता गारठ्यापेक्षा जास्त पाण्याने मरतो.

रोप किती थंडी सोसते हे प्रयोगशाळेत कसे मोजतात?

पटले फुटली की क्षार बाहेर येतात आणि पाण्याची विद्युतवाहकता वाढते, त्यावर ही चाचणी आधारलेली आहे.

१. पानाच्या १ सेंमी व्यासाच्या तीन चकत्या कापा. कापलेल्या कडांचा रस जाईपर्यंत विआयनीकृत पाण्यात धुवा, टिपून परीक्षानळीत ठेवा. नळीत पाण्याचे एक-दोन थेंबच हवेत.
२. नळ्या उणे १ ते २ अंशांच्या ग्लायकॉल कुंडात ठेवा आणि प्रत्येक नळीत बर्फाची कणी टाका. तासभर थांबा.
३. तापमान तासाला १ ते २ अंशांनी उतरवा. दर अंशाला तीन नळ्या बाहेर काढा.
४. ४ अंशांवर रात्रभर सावकाश वितळू द्या.
५. १० मिली विआयनीकृत पाणी घालून काही तास हलवा, वाहकता मोजा.
६. त्याच नळ्या १२१ अंशांवर १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह करा, खोलीच्या तापमानाला आणून पुन्हा मोजा. पहिला आकडा भागिले दुसरा, गुणिले शंभर म्हणजे टक्केवारीतली गळती.

ज्या तापमानाला गळती ५० टक्के होते, ते त्या रोपाचे निम्म्या नुकसानीचे तापमान. न गोठवलेल्या नळ्यांची गळती यातून वजा करायला विसरू नका. सर्वांत जास्त चूक दुसऱ्या पायरीवर होते. बर्फाची कणी टाकली नाही, तर चकत्या उणे ६ पर्यंत अतिशीत राहतात, मग एकदम आतून गोठतात, आणि काटक रोपही नाजूक ठरते. एकाच तापमानाच्या तीन नळ्यांत एक ८ टक्के आणि दुसरी ८० टक्के दाखवत असेल, तर कारण हेच असते.

बिया उणे १८ ला कशा राहतात?

३ ते ७ टक्के ओलावा राहीपर्यंत सुकवलेल्या बीमध्ये गोठण्याजोगे पाणीच नसते. गहू, ज्वारी, हरभरा असे वर्षानुवर्षे साठवता येतात. आंबा, फणस यांच्या बिया सुकवल्या की मरतात आणि ओल्या ठेवल्या तर गोठून मरतात. अशा, तसेच बियांऐवजी फुटव्यांनी जपल्या जाणाऱ्या वनस्पतींसाठी कोवळी शेंडाग्रे ग्लिसरॉल ३०, इथिलीन ग्लायकॉल १५ आणि डीएमएसओ १५ टक्के असलेल्या द्रावणात ठरावीक मिनिटे बुडवून थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकतात. पेशीरसाची काच होते, स्फटिक होत नाही. हे द्रावणही साकाई यांच्याच गटाचे. शून्य अंशावर बुडवायचे, कारण गरम असताना तेच द्रावण पेशींना विषारी ठरते.

दंव पडून गेले. करपलेला भाग लगेच छाटू का?

थांबा. पाने दोन दिवसांत काळी पडतात, पण काडीची इजा कळायला आठवडे लागतात. लगेच छाटले तर जिवंत लाकूडही जाते आणि नव्या कोवळ्या फुटी पुढच्या थंडीत सापडतात. वाळलेली पाने खालच्या डोळ्यांना थोडे झाकतात, ती राहू द्या. दोन-तीन आठवड्यांनी नखाने साल खरवडा. खाली ओलसर हिरवे असेल तर काडी जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडे असेल तर जिथे हिरवे लागेल तिथपर्यंत खाली या आणि त्याच्या खालच्या डोळ्यावर छाटा. एखादा डोळा ब्लेडने आडवा कापून पाहा. मधला ठिपका काळा आणि कडेचे हिरवे असतील, तर मुख्य डोळा गेला आहे आणि बाजूचे फुटतील. तोवर नत्र देऊ नका आणि पाणी बेताचे ठेवा. पाने गेलेले झाड पूर्वीइतके पाणी पीत नाही.